कै. डॉ. डग्लस एंगेलबार्ट

मनुष्याच्या नित्य उपयोगात येणाऱ्या वस्तूंचे एक भाग्य आणि एक दुर्भाग्य असते. भाग्य हे की, त्या घरोघरी जातात; दुर्भाग्य हे की, ज्याच्या बुद्धीतून त्या निघाल्या त्याचे नाव मात्र घरोघरी जात नाही. कंदिलाला काच प्रथम कोणी बसविली, कात्रीची दोन पाती प्रथम कोणी जोडली, हे आपण कधी विचारीत नाही. संगणकाच्या शेजारी मेजावर पडलेला, मुठीत मावणारा माऊस ही अशीच एक वस्तू होय. त्याची कळ दाबून पडद्यावरील एखादे चित्र एका जागेवरून दुसऱ्या जागी ओढून नेले नाही, असा विद्यार्थी आज विरळा. परंतु ज्या पुरुषाच्या चिंतनातून ही वस्तू जन्मास आली, त्याचे चरित्र ठाऊक असणारे फार थोडे. त्या चरित्रात यशाचा जेवढा भाग आहे तेवढाच उपेक्षेचाही आहे, आणि म्हणूनच ते विद्यार्थ्यांनी व त्यांच्या पालकांनी विचारात घेण्याजोगे आहे.

डग्लस कार्ल एंगेलबार्ट यांचा जन्म ता. ३० जानेवारी १९२५ रोजी अमेरिकेतील ओरेगॉन संस्थानात, पोर्टलंड या शहरी झाला. तीन भावंडांत ते मधले. वडिलांचे रेडिओ विकण्याचे व दुरुस्त करण्याचे दुकान होते. परंतु डग्लस अवघे नऊ वर्षांचे असतानाच पितृछत्र हरपले. तो काळ अमेरिकेत मोठ्या मंदीचा होता. शहराबाहेरील खेडवळ भागात, मोकळ्या हवेत आणि बेताच्या परिस्थितीत त्यांचे बालपण गेले. पुढे विद्युत्-अभियांत्रिकी शिकण्यासाठी ते ओरेगॉन स्टेट कॉलेजात दाखल झाले. पण दुसरे महायुद्ध चालू असल्यामुळे शिक्षण मध्येच सोडून त्यांस आरमारात जावे लागले. तेथे त्यांनी रडार-यंत्रे सांभाळण्याचे काम शिकून घेतले. दूरवरून येणारे अदृश्य संकेत काचेच्या पडद्यावर तेजस्वी ठिपक्यांच्या रूपाने कसे उमटतात, हे त्यांनी या काळात प्रत्यक्ष पाहिले. या एका अनुभवाचे पुढे फार मोठे फळ आले.

ते फिलिपाइन्स बेटांत पोचले तोवर महायुद्ध समाप्त झाले होते. तेथील लेते नावाच्या बेटावर, बांबूच्या खांबांवर उभारलेल्या एका झोपडीत रेड क्रॉस संस्थेचे लहानसे वाचनालय होते. तेथे बसून वाचीत असता व्हॅनेव्हर बुश या अमेरिकन शास्त्रज्ञाचा १९४५ सालचा एक लेख त्यांच्या दृष्टीस पडला. मनुष्याचे ज्ञान इतके वाढत चालले आहे की, हवी ती माहिती हव्या त्या वेळी सापडणे दुरापास्त झाले आहे. यास्तव मेजावर असे एखादे यंत्र असावे की, ज्यात सर्व ग्रंथ साठविता येतील व एका विषयावरून दुसऱ्या विषयाकडे धाग्याने जोडल्याप्रमाणे जाता येईल, असा त्या लेखाचा आशय होता. तरुण एंगेलबार्ट यांच्या मनात हा विचार बीजाप्रमाणे पडला. मात्र त्यास अंकुर फुटण्यास आणखी काही वर्षे जावी लागली.

१९४८ साली पदवी संपादन करून ते कॅलिफोर्नियातील एम्स येथील वैमानिक संशोधनशाळेत नोकरीस लागले. नोकरी चांगली होती, विवाह ठरला होता, आणि संसाराची चिंता नव्हती. अशा वेळी सामान्य मनुष्य संतुष्ट होतो. एंगेलबार्ट यांस मात्र असंतोष उत्पन्न झाला. आयुष्यातील सर्व हेतू इतक्या लवकर संपले, तर उरलेली वर्षे कशासाठी खर्चावयाची, हा प्रश्न त्यांस छळू लागला. विचारांती त्यांनी असा निश्चय केला की, जगापुढील प्रश्न दिवसेंदिवस अधिक गुंतागुंतीचे होत आहेत व ते सोडविण्यास अवधी कमी पडत आहे. तेव्हा मनुष्यांनी मिळून विचार करण्याची शक्ती ज्या योगे वाढेल असे साधन निर्माण करण्यात आपले आयुष्य वेचावे. रडारचा पडदा जर ठिपके दाखवू शकतो, तर संगणकाने अक्षरे व आकृती पडद्यावर का दाखवू नयेत, आणि त्यांपुढे बसून मनुष्याने का काम करू नये, असे चित्र त्यांच्या मनश्चक्षूंपुढे उभे राहिले. त्या वेळी त्यांनी संगणक केवळ पुस्तकातून वाचला होता, डोळ्यांनी पाहिलेला नव्हता, हे ध्यानात ठेवावे. १९५१ साली बॅलार्ड फिश या सुशील मुलीशी त्यांचा विवाह झाला. पुढे त्यांना चार अपत्ये झाली.

नोकरी सोडून ते बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात गेले व १९५५ साली डॉक्टर झाले. १९५७ साली मेन्लो पार्क येथील स्टॅन्फर्ड संशोधनसंस्थेत त्यांनी काम पत्करले. त्या काळी संगणक म्हणजे खोली व्यापणारे, अतिशय खर्चाचे, आकडेमोड करणारे यंत्र होते. भोके पाडलेल्या पत्त्यांच्या जुड्या त्याच्या पोटात घालाव्यात आणि पुष्कळ वेळाने छापील उत्तर घेऊन जावे, अशी रीत होती. एका मनुष्याने त्याच्यापुढे बसून लेख लिहावा, खोडावा, पुन्हा लावावा, ही कल्पना अनेक विद्वानांस उधळपट्टीची वाटे. तरीही १९६२ साली एंगेलबार्ट यांनी मानवी बुद्धीस साहाय्यभूत होणाऱ्या साधनांविषयी एक विस्तृत अहवाल लिहिला, आणि त्याच्या बळावर अमेरिकन सरकारच्या संशोधनखात्याचे साहाय्य मिळवून स्वतःची प्रयोगशाळा उभारली.

या प्रयोगशाळेत एक लहान पण अवघड प्रश्न पुढे आला. पडद्यावर शब्द तर दिसू लागले. पण त्यांतील अमुक एक शब्द आपणास हवा आहे, हे यंत्रास सांगावे कसे? कोणी प्रकाशलेखणी सुचविली, कोणी उभा दांडा सुचविला. एंगेलबार्ट यांस क्षेत्रफळ मोजण्याच्या एका जुन्या उपकरणाची आठवण झाली. त्यात फिरणाऱ्या चाकावरून अंतर कळत असे. एक चाक आडव्या चालीचे व दुसरे त्याच्याशी काटकोन करून उभ्या चालीचे बसविले, तर हाताची प्रत्येक हालचाल दोन आकड्यांत सांगता येईल, हे त्यांनी वहीत टिपून ठेवले. त्यांचे सहकारी बिल इंग्लिश यांनी १९६४ साली त्याप्रमाणे लाकडाचा एक ठोकळा तयार करविला. वर एक तांबडी कळ, खाली दोन चाके, आणि मागे तारेचे शेपूट! त्या शेपटामुळे कोणीतरी त्यास उंदीर म्हटले. ते नाव प्रथम कोणी उच्चारिले हे त्या प्रयोगशाळेतही पुढे कोणास आठवले नाही. नाव मात्र कायम राहिले.

येथे एंगेलबार्ट यांच्या स्वभावाचा एक विशेष दिसून येतो. आपली कल्पना आपली म्हणून त्यांनी श्रेष्ठ ठरविली नाही. प्रकाशलेखणी, दांडा, माऊस, एवढेच नव्हे तर मेजाखाली गुडघ्याने चालवावयाचे एक साधन, अशी सर्व साधने एका रांगेत मांडून, मनुष्यास त्यांपैकी कोणत्या साधनाने किती वेळ लागतो व किती चुका होतात, याची मोजदाद करण्यात आली. निकाल मोठा बोधप्रद निघाला. अगदी नवख्या मनुष्यास गुडघ्याचे साधन व प्रकाशलेखणी अधिक जलद साधे. परंतु थोडा सराव झालेल्या मनुष्याच्या हाती माऊसच सर्वांहून सरस ठरे. जे साधन पहिल्या दिवशी सर्वांत सोपे, ते शेवटच्या दिवशी सर्वांत उत्तम असतेच असे नाही, हा त्यातील अर्थ होय. पहिल्या दिवशी तीन चाकांची सायकल सोपी वाटते. पण पडत झडत दोन चाकांची शिकलेला मुलगाच लांबचा पल्ला गाठतो. शिकण्याचे कष्ट घेणाऱ्यास भरपूर मोबदला देणारे साधन हवे, असा एंगेलबार्ट यांचा आग्रह जन्मभर राहिला.

ता. ९ डिसेंबर १९६८ हा त्यांच्या आयुष्यातील परमोच्च दिवस. सॅन फ्रान्सिस्को येथे भरलेल्या संगणकतज्ज्ञांच्या परिषदेत सुमारे एक हजार श्रोत्यांपुढे त्यांनी नव्वद मिनिटे आपल्या कार्याचे प्रात्यक्षिक केले. उजव्या हाताखाली माऊस, डाव्या हाताखाली पाच कळांची एक पट्टी, मध्ये टंकलेखनाचा कळफलक, आणि पाठीमागे प्रचंड पडदा. त्यांचा संगणक सुमारे तीस मैल दूर मेन्लो पार्क येथे होता व बिनतारी लहरींनी तो सभागृहास जोडला होता. शब्द उचलून दुसरीकडे ठेवणे, एका मजकुरावरून दुसऱ्यावर उडी घेणे, दोन दूरच्या माणसांनी एकमेकांचा चेहरा पाहत एकाच लेखावर काम करणे, हे सर्व श्रोत्यांनी प्रथमच पाहिले. प्रयोग संपताच सर्व सभा उभी राहिली व टाळ्यांचा गजर झाला. पुढील वर्षी, १९६९ च्या ऑक्टोबरात, दोन दूरचे संगणक जोडणारा जो पहिला संदेश लॉस एंजेलिसहून निघाला, तो एंगेलबार्ट यांच्याच प्रयोगशाळेत येऊन पोचला. आजच्या इंटरनेटचा तो आरंभ होय.

परंतु टाळ्यांचा आवाज फार काळ टिकत नाही. काही वर्षांतच सरकारी साहाय्य आटत गेले. सहकारी एकेक करून निघाले. बिल इंग्लिश १९७१ साली झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधनशाळेत गेले, व माऊसची विद्या त्यांच्याबरोबर गेली. तेथे दोन चाकांच्या जागी एक गोळी आली. जर्मनीतही टेलेफुंकेन कंपनीने १९६८ सालीच गोळीचे असे एक उपकरण स्वतंत्रपणे तयार केले होते. शेवटी १९७० ते १९८० या दशकाच्या उत्तरार्धात स्टॅन्फर्ड संस्थेने एंगेलबार्ट यांची प्रयोगशाळा टाइमशेअर नावाच्या कंपनीस देऊन टाकली. पुढे तीही कंपनी दुसरीने विकत घेतली. आणि ज्यांनी एका काळी सभा उभी केली, ते एंगेलबार्ट १९८६ साली निमूटपणे नोकरीतून निवृत्त झाले.

माऊसच्या पेटंटाने तरी त्यांस धनवान केले असेल, असे वाचकांस वाटेल. पेटंट ता. १७ नोव्हेंबर १९७० रोजी मिळाले खरे; पण त्याचे हक्क संस्थेकडे होते. ॲपल कंपनीने परवान्यासाठी सुमारे चाळीस हजार डॉलर दिल्याचे सांगतात. मात्र विकल्या जाणाऱ्या माऊसमागे एंगेलबार्ट यांस एक पैही मिळाली नाही. पेटंटाची मुदत १९८७ साली संपली, तेव्हा माऊसचा खरा प्रसार नुकता कोठे सुरू झाला होता.

आता त्यांच्या या अपत्याने पुढे जगात कसा संसार केला, तेही पाहिले पाहिजे. कळ दाबून धरून वस्तू ओढून नेण्याची रीत ही मूळची एंगेलबार्ट यांची नव्हे. त्यांच्या प्रयोगशाळेत माऊसने केवळ शब्द दाखवावयाचा व आज्ञा डाव्या हाताने द्यावयाची. ओढून मजकूर निवडण्याची रीत झेरॉक्सच्या प्रयोगशाळेत १९७५ च्या सुमारास रूढ होऊ लागली. तरीही त्याच कंपनीच्या १९८१ च्या स्टार यंत्रात पडद्यावरील कागद हलविण्यासाठी कळफलकावर एक निराळी कळ होती. ॲपलच्या १९८३ च्या लिसा व १९८४ च्या मॅकिंटॉश या यंत्रांनी पडद्यावरील कागद बोटाखाली धरून थेट ओढीत न्यावा ही रीत लोकप्रिय केली, आणि त्यासाठी माऊसवर एकच कळ ठेवली. मायक्रोसॉफ्टच्या १९८५ च्या विंडोजने दोन कळांचा माऊस रूढ केला. तर मॅसॅच्युसेट्स येथे १९८४ साली निघालेल्या एक्स नावाच्या खिडकीपद्धतीने तीन कळा मानल्या.

येथून घोटाळा सुरू झाला. मनुष्याच्या हाताची क्रिया तीच: दाबणे, ओढणे, सोडणे. पण ही वार्ता संगणकाचा कारभार पाहणारी प्रत्येक व्यवस्था, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम, आपापल्या रीतीने पोचवू लागली. जुन्या मॅकिंटॉशमध्ये, कळ अजून दाबलेली आहे काय, हे कार्यक्रमानेच यंत्रास पुनःपुन्हा विचारीत बसावे, अशी चाल होती. विंडोजमध्ये बाण ज्याच्या अंगणात असेल त्याच्याकडे वार्ता जाते. म्हणून ओढण्यास आरंभ होताच कार्यक्रमाने माऊसचा ताबा मागून घ्यावा लागतो. तो न घेतला आणि बाण खिडकीबाहेर जाऊन तेथे कळ सुटली, तर ती वार्ता मूळ ठिकाणी पोचतच नाही, आणि बोट उचलले तरी वस्तू बाणाला चिकटूनच राहते. एक्स पद्धतीत कळ दाबल्यापासून सुटेपर्यंतचा ताबा व्यवस्था आपण होऊनच देते. उजव्या कळेचा पर्यायपट विंडोजमध्ये कळ सोडताना उघडतो, तर मॅकमध्ये दाबतानाच. ओढताना प्रत काढावयाची असल्यास विंडोजमध्ये कंट्रोल कळ, तर मॅकमध्ये ऑप्शन कळ! हात किंचित थरथरला तर ते ओढणे समजू नये म्हणून काही अंतर माफ केलेले असते. विंडोजमध्ये हे अंतर सामान्यतः चार ठिपक्यांचे आहे.

मनमाडकरांस ही अडचण समजावून सांगण्यास फार शब्द नकोत. मुंबईहून येणारा लोहमार्ग रुंद, म्हणजे साडेपाच फुटांचा. आणि १९०० च्या सुमारास निजामच्या राज्यातून औरंगाबादकडून आलेला मार्ग एक मीटरचा. माल तोच, पोती तीच, परंतु एका मार्गावरील डबा दुसऱ्यावर चालू शकत नसे. म्हणून मनमाड स्थानकात हमालांनी पोती एका डब्यातून उतरवून दुसऱ्यात भरावीत, हा क्रम पिढ्यान्पिढ्या चालला. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात मीटरचा मार्ग रुंद झाला तेव्हा कोठे तो त्रास संपला. संगणकाच्या जगात मात्र सर्व मार्ग एका रुंदीचे झालेले नाहीत. तेथे हमालांचे काम मधल्या थराचे कार्यक्रम करतात. १९९५ साली प्रसिद्ध झालेली जावा ही भाषा, किंवा क्यूटी हे साधन, प्रत्येक व्यवस्थेची निराळी वार्ता उतरवून घेते व एकाच साच्याची करून पुढे देते. हा माल उतरवताना एखादे पोते फुटलेच, तर कार्यक्रम लिहिणाऱ्यास तीनही व्यवस्थांवर स्वतः वस्तू ओढून पाहण्यावाचून गत्यंतर नसते. आपण ज्या क्रियेस क्षणभरही विचार देत नाही, तिच्यामागे अज्ञात माणसांचे एवढे श्रम असतात.

असो. एंगेलबार्ट यांस या प्रसाराचे समाधान होते काय? पूर्णतः नव्हते. मनुष्यांनी मिळून विचार करावा यासाठी त्यांनी एक संपूर्ण व्यवस्था रचली होती. जगाने तीतून एक लाकडी ठोकळा उचलला व बाकीचे बहुतेक बाजूस ठेवले. निरनिराळ्या कंपन्यांची यंत्रे एकमेकांशी मोकळेपणाने बोलत नाहीत, एकाचे काम दुसऱ्याच्या यंत्रावर सुखाने चालत नाही, ही त्यांची तक्रार होती. आणि वर वर्णिलेला घोटाळा पाहता ती निराधार होती असे म्हणवत नाही. तरीही ते कडवट झाले नाहीत. १९८८ साली आपली कन्या क्रिस्टिना हिच्या साहाय्याने त्यांनी एक संस्था काढली व तीच जुनी शिकवण शांतपणे पुन्हा सांगण्यास आरंभ केला. माऊस तयार करणाऱ्या लॉजिटेक कंपनीने त्यांस बसावयास जागा दिली, हा योगायोग मोठा हृद्य आहे.

उशिरा का होईना, मान मिळाला. १९९७ साली संगणकशास्त्रातील सर्वोच्च समजले जाणारे ट्युरिंग पारितोषिक व पाच लक्ष डॉलरचे लेमेलसन पारितोषिक त्यांस देण्यात आले. दुर्दैवाने त्याच वर्षी त्यांच्या पत्नीने इहलोकीची यात्रा संपविली. शेहेचाळीस वर्षांची सोबत सुटली. २००० साली अमेरिकेच्या अध्यक्षांच्या हस्ते त्यांस तंत्रविद्येचे राष्ट्रीय पदक प्राप्त झाले. ता. २ जुलै २०१३ रोजी, वयाच्या अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी, कॅलिफोर्नियातील आपल्या राहत्या घरी त्यांनी देह ठेवला.

या चरित्रापासून काय घ्यावे? पंचवीस वर्षांच्या वयात, चांगली नोकरी हाती असताना, आपले श्रम कोणाच्या उपयोगी पडावेत असा प्रश्न या पुरुषाने स्वतःस विचारला, आणि जे उत्तर मिळाले त्याला साठ वर्षे घट्ट धरून ठेवले. जगाने त्यांचे सर्व म्हणणे ऐकले नाही. पण जेवढे ऐकले तेवढ्याने कोट्यवधी हातांस काम सोपे झाले. आणि गुडघ्याच्या साधनाची ती जुनी परीक्षाही विसरू नये. गणित असो, व्याकरण असो वा संगणक असो, पहिल्या आठवड्यात जे जड वाटते ते वाईट समजून टाकून देऊ नये. सराव झालेल्या हातात कोणते साधन सरस ठरते, हे सराव केल्यावाचून कोणास कळणार?